नरम म्हणजे किती नरम?

स्नोबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या खोटं बोलतात असं मी म्हणत नाही. खोटं बोलायला आधी काहीतरी ठाम विधान करावं लागतं, आणि या मंडळींनी तेवढीसुद्धा तसदी घेतलेली नाही. बोर्डाचं माहितीपत्रक उघडून बघा. लांबी सेंटिमीटरमध्ये, कमरेची रुंदी मिलिमीटरपर्यंत, कडेच्या वळणाची त्रिज्या मीटरमध्ये आणि तीही दशांशासकट! आणि जी एक गोष्ट पायांना पहिल्या दहा मिनिटांत कळते, म्हणजे बोर्ड किती वाकतो, तिच्यापुढे काय? "फ्लेक्स : ३/१०". तीन काय? तीन आणे? तीन शेर?

ज्यांचा बर्फाशी संबंध काला खट्टा गोळ्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्नोबोर्ड म्हणजे लाकडाच्या पातळ गाभ्याला वरून-खालून फायबरग्लास चिकटवून, कडेने पोलादी पट्टी फिरवून, तळाला प्लॅस्टिकचा गुळगुळीत थर लावलेली फळी. तिच्यावर आपण आडवे उभे राहतो, आणि बूट फळीला आवळून धरायला दोन खोगिरं असतात त्यांना बाइंडिंग म्हणतात. 'पार्क' म्हणजे स्की रिसॉर्टमधला तो भाग जिथे लोखंडी रेलिंगा, लांबोळके खोके आणि बर्फाच्या उड्या मुद्दाम रचून ठेवलेल्या असतात, आणि सोळा वर्षांची पोरं त्यांच्यावरून घसरत आपली हाडं पणाला लावतात. (एकोणतीस वर्षांचे सॉफ्टवेअर इंजिनियरही लावतात. वीकएंडला एवढंच करमणुकीचं साधन आहे.) पार्कचा बोर्ड नरम असावा असा संकेत आहे. नरम बोर्डाचं नाक दाबून त्यावर गोल फिरता येतं, रेलवर फळी कमानीसारखी वाकवता येते, आणि उतरताना पाय थोडा वाकडातिकडा पडला तरी फळी लगेच सूड घेत नाही.

संकेत ठीक आहे. माझं भांडण त्या 'तीन'शी आहे.

आपल्याकडे हॉटेलच्या मेनूकार्डावर पदार्थापुढे मिरच्या काढलेल्या असतात बघा. एक मिरची, दोन मिरच्या, तीन मिरच्या. कोल्हापुरात जो तांबडा रस्सा 'मध्यम' म्हणून वाढतात तो सदाशिव पेठेत वाढला तर पोलीस बोलवावे लागतील. तरीही दोन्हीकडे मिरच्या दोनच. मिरच्या त्या त्या हॉटेलच्या आतल्या हिशेबाच्या असतात, एवढंच त्यांचं म्हणणं असतं की आमच्याच या पदार्थापेक्षा आमचाच तो पदार्थ जास्त झणझणीत. स्नोबोर्डच्या फ्लेक्सचा आकडा नेमका तसा आहे. सगळ्या कंपन्यांना लागू असं काही मानक नाही. प्रत्येक कंपनी आपल्याच फळ्या एका रांगेत लावते आणि नंबर देते. आपल्या लोकांना आणखी जवळचं उदाहरण द्यायचं तर स्टोरी पॉइंट! आमच्या टीमचे पाच आणि शेजारच्या टीमचे पाच यांची बेरीज करून मॅनेजरला पाठवणारा माणूस जितका ज्ञानी, तितकाच दोन कंपन्यांचे '३/१०' समोरासमोर ठेवून बोर्ड निवडणारा.

या मार्च महिन्यात मी एक नरम पार्क बोर्ड आणि सोबत 'रेट्रो' बाइंडिंगची जोडी दोन दिवस वापरून पाहिली. बोर्ड १५१ सेंटिमीटरचा, माझं वजन ६८ किलो. जागा बोरियल. सॅक्रामेंटोहून ८० नंबरच्या हायवेने वर चढत गेलं की डॉनर खिंडीच्या जवळ, अगदी रस्त्याला लागून असलेला छोटा डोंगर. खरे शूर लोक याला नाक मुरडतात, कारण उतार लांब नाहीत. पण पार्कसाठी हा डोंगर प्रसिद्ध आहे, आणि एकच उडी वीस वेळा मारायची तर छोटा डोंगरच सोयीचा. परीक्षण हे असंच व्हायला हवं. तेच वळण, तीच रेल, तोच खोका, पुन्हा पुन्हा. नवीन काही बघायला मिळत नाही, फोटोही फारसे चांगले येत नाहीत.

आता गंमत बघा. कंपन्यांच्या तंबूतून बोर्ड चाचणीसाठी मिळतो तो बाइंडिंगसकट. आणि परीक्षणं लिहिणारे बहुतेक जण तोच संच तसाच घेऊन चार फेऱ्या मारतात आणि निकाल देतात, 'बोर्ड वळायला जरा सुस्त वाटला'. अरे पण बोर्ड सुस्त होता की बाइंडिंग? एकाच रिलीजमध्ये डेटाबेस पण बदलला, लायब्ररी पण बदलली, आणि साइट हळू झाल्यावर डेटाबेसच्या नावाने बोंब मारली, असला हा प्रकार. फ्रेशरने असं केलं तर आपण त्याला बाजूला घेऊन समजावतो. इथे त्याला तज्ज्ञ म्हणतात.

मी चारही जोड्या लावून पाहिल्या. नवा नरम बोर्ड आणि रेट्रो बाइंडिंग, नवा बोर्ड आणि माझी नेहमीची बाइंडिंग, माझा जुना जरा ताठ बोर्ड आणि रेट्रो, आणि माझं माझं. खिशात स्क्रू-ड्रायव्हर आणि एका बाइंडिंगला चार स्क्रू. पार्किंगमध्ये बसून बोटं गारठेपर्यंत हेच केलं. पण जे कळलं ते असं : नाकावर दाब देऊन फिरताना बाइंडिंग बदलल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, ती सगळी करामत बोर्डाची. उलट पंजाच्या कडेवरून टाचेच्या कडेवर जाताना जो उशीर जाणवत होता तो नव्वद टक्के रेट्रो बाइंडिंगचा होता. माझी बाइंडिंग लावल्याबरोबर तोच 'सुस्त' बोर्ड शहाण्यासारखा वळायला लागला. सकाळी, रात्रभर गोठलेल्या कडक बर्फावर मात्र कुठलंही बाइंडिंग लावा, नरम बोर्डाची कड थरथरायची आणि जरा वेग घेतला की सुटायची. दुपारी बर्फ पाणचट झाल्यावर हाच बोर्ड सोन्यासारखा. सिएरा नेवाडाचा बर्फ मुळात ओला आणि जड, त्याला इथे 'सिएरा सिमेंट' असंच म्हणतात. त्या मऊ रेंद्यात नरम फळी इतकी सहज वाकते की आपण फार मोठे कलाकार आहोत असा भास होतो. म्हणजे सकाळी नऊला परीक्षण लिहिलं असतं तर दोन तारे, दुपारी दोनला लिहिलं असतं तर पाच. परीक्षणात वेळ आणि बर्फाची अवस्था कोण लिहितं? शोधून सांगा.

मग मी घरी येऊन मोजमाप केलं. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन सारख्या उंचीची स्टुलं, एक फूटपट्टी आणि भारतीय दुकानातली सोना मसुरीची वीस पौंडांची, म्हणजे साधारण नऊ किलोची गोणी. बाइंडिंग काढायची. बोर्ड जिथे सपाट जमिनीला टेकतो त्या दोन रेषा स्टुलांवर येतील असा ठेवायचा. मधोमध जमिनीपासूनची उंची मोजायची, मग मध्यभागी गोणी टांगायची आणि पुन्हा मोजायची. जितके मिलिमीटर खाली आला तितका नरम. संपलं. माझा जुना बोर्ड, कागदावर '५/१०', आला २२ मिमी खाली. नवा, कागदावर '३/१०', ३१ मिमी. इथपर्यंत सगळं सुतासारखं सरळ. मग रूममेटचा बोर्ड उचलून आणला. तिसऱ्याच कंपनीचा, कागदावर '४/१०', म्हणजे दोघांच्या बरोबर मध्ये यायला हवा. आला ३६ मिमी. सगळ्यात नरम! टेकण्याच्या रेषांमधलं अंतर तिघांचं थोडं वेगळं आहे हे मला माहीत आहे, आणि वाक त्या अंतराच्या घनाने वाढतो हेही दुसऱ्या वर्षाला पाठ केलंय. अंतर १० टक्के वाढलं तर वाक ३३ टक्के. तो हिशेब करूनही क्रम बदलला नाही.

ज्याने एकदा तुळईचं समीकरण सोडवलंय त्याला यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. गाभा सात मिलिमीटरचा साडेसात झाला की ढोबळ मानाने ताठपणा २३ टक्के वाढतो. अर्धा मिलिमीटर! डोळ्याला दिसणारही नाही. म्हणजे कारखान्यात लाकूड घासताना जरा हात इकडेतिकडे झाला तर '३' चा '४' व्हायला वेळ लागत नाही. आणि हा झाला फक्त लांबीतला वाक. बोर्डाला पिळही पडतो, पुढचा पाय एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला दाबला की. नरम पार्क बोर्डवर हळू वेगात वळताना हा पीळच जास्त जाणवतो. त्याचा वेगळा आकडा किती माहितीपत्रकांत दिसतो ते एकदा बघाच.

त्यावर कडी म्हणजे विशेषणं. आकडा नसला की विशेषणं येतात, हा जगाचा नियम आहे. खेळकर. लोण्यासारखा. चैतन्यमय. आणि सगळ्यात लाडकं म्हणजे 'क्षमाशील'. क्षमाशील म्हणे! बोर्ड आहे का एकनाथ महाराज?

रेट्रो बाइंडिंगवर वेगळं बोलायला हवं, कारण तिथे फसवणूक जरा जास्त रंगीत आहे. १९६५ साली मिशिगनमध्ये शर्मन पॉपेनने मुलींसाठी दोन स्की एकत्र बांधून 'स्नर्फर' केला तेव्हा पाय बांधायला काही नव्हतंच, पुढे धरायला एक दोरी होती. पुढे रबरी पट्टे आले. कडक, दाबलेल्या बर्फावर टाचेच्या कडेवर उभं राहायचं तर पोटरीच्या मागे काहीतरी टेकायला लागतं, म्हणून १९८० च्या दशकात उभी पाठ आली, तिला हायबॅक म्हणतात. ही पाठ आल्यावर रिसॉर्टच्या कडक उतारांवर बोर्ड खऱ्या अर्थाने ताब्यात आला. आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ढगळ पँटीवाल्या नव्या पोरांनी तीच पाठ करवतीने कापून बुटकी केली, कारण त्यांना घोटा मोकळा हवा होता. म्हणजे बुटकी पाठ हा त्या काळचा विचार करून केलेला सौदा होता. ताबा थोडा सोडा, मोकळेपणा घ्या. तेव्हा पंजाचा पट्टा बुटाच्या वरून जायचा. नंतर, २००० नंतरच्या दशकात, तो बुटाच्या टोकाला टोपीसारखा बसवायला सुरुवात झाली, त्यामुळे बूट मागे ओढला जाऊन टाच खोबणीत घट्ट बसते.

आता माझ्या हातात आलेली जोडी. पाठ बुटकी आणि लवचिक, पट्टा जुन्या पद्धतीने पंजाच्या वरून, रंग जांभळा-हिरवा, लहानपणीच्या कंपासपेटीसारखा. खाली मात्र आजचीच नायलॉनची तळपट्टी. रेलवर घोटा खरंच मोकळा फिरतो, मजा येते, ते नाकारत नाही. पण पट्टा वरून दाबतो, मागे ओढत नाही, त्यामुळे टाच खोबणीतून किंचित उचलली जाते, आणि सकाळच्या कडक बर्फावर टाचेच्या कडेने लांब वळण घेतलं की पोटऱ्या आग ओकायला लागतात. यात वाईट काही नाही! जुना सौदा आहे, किंमत माहीत असली की झालं. पण डब्यावर काय लिहिलंय? 'नव्वदीचा आत्मा'. आत्म्याला किती न्यूटन लागतात हो? जुन्या बांधणीची बाइंडिंग आणि जुन्या रंगाची बाइंडिंग यांत फरक आहे. दुकानात दोन्ही एकाच फळीवर, एकाच 'रेट्रो'च्या पाटीखाली ठेवलेल्या असतात, आणि किंमतही दोघींची सारखीच चढी.

कोणी म्हणेल, एवढा त्रागा कशाला? वीकएंडचा खेळ आहे, घसरा आणि मजा करा.

तर ऐका. माझा एक कॉलेजचा मित्र पुण्यात असतो. वजन ९४ किलो. गेल्या वर्षी त्याने गुलमर्गचा बेत आखला आणि भाड्याचा बोर्ड नको म्हणून अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून एक नरम पार्क बोर्ड मागवला. मला विचारलं नाही, नेटवर वाचलं. "अरे, सगळीकडे लिहिलंय की नवशिक्यांसाठी तीनच चांगला, क्षमाशील असतो." बोर्ड आणि बाइंडिंग मिळून साठ हजारांच्या वर गेले. खालच्या टप्प्यावरच्या दाबलेल्या बर्फात, एका साध्या उंचवट्यावरून उतरताना बोर्डाचं नाक दुमडलं आणि तो तोंडावर गेला. हात पुढे केला, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. नवशिक्यांच्या दुखापतींत मनगट पहिल्या नंबरवर असतं, आणि त्याने मनगटाचे गार्ड घातले नव्हते, त्यामुळे केवळ बोर्डाने हाड मोडलं असं मी म्हणणार नाही. पण ९४ किलोच्या माणसाच्या खाली ती फळी माझ्यासारख्या ६८ किलोवाल्यापेक्षा जवळजवळ चाळीस टक्के जास्त वाकणार हे सांगणारं त्या पानावर एक अक्षर नव्हतं. तीन, फक्त तीन. कोणासाठी तीन? पन्नास किलोच्या मुलीसाठी की पैलवानासाठी? तुळईला वजन कळतं, तारे कळत नाहीत. (आणि गुलमर्गच्या वरच्या टप्प्यावर, ३,९०० मीटरच्या वर, जिथे भुसभुशीत बर्फात लोक कमरेपर्यंत रुततात, तिथे हा आखूड बोर्ड नेला असता तर काय झालं असतं ते सोडूनच द्या.)

स्कीवाल्यांकडे बघा. स्कीच्या बाइंडिंगवर एक आकडा असतो, त्याला सगळे 'डिन' म्हणतात. पडल्यावर किती जोर आला की बूट सुटायचा, ते तो ठरवतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही किती आक्रमक आहात यावरून तक्त्यातून काढतात. मागे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि दुकानातला तंत्रज्ञ तो नोंदवून देतो. एका कंपनीचा सहा आणि दुसऱ्या कंपनीचा सहा यांचा अर्थ एकच. स्नोबोर्डचं बाइंडिंग पडल्यावर सुटतच नाही, म्हणून तो आकडा इथे लागत नाही, मान्य. पण मोजण्याची सवय लावता येते हे तर दिसलं ना? (स्कीवाले साधू आहेत असं समजू नका, त्यांच्या बुटांच्या ताठपणाच्या आकड्यात असलाच सावळा गोंधळ आहे.)

यावर तंबूतल्या पोरांचं ठरलेलं उत्तर असतं. मी एकाला विचारलं, या बोर्डाचा वाक मिलिमीटरमध्ये किती? त्याने माझ्याकडे मी प्रेयसीचा रक्तगट विचारल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "ड्यूड, स्नोबोर्डिंग आकड्यांचं नसतं, फील करायचं असतं." मग बोर्ड जमिनीला टेकवून मधोमध हाताने दाबून दाखवला. बघ, नरम आहे. हे बंडखोरीचं नाटक मला अजिबात पटत नाही. १९९८ साली नागानोला स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये जाऊन बसलं, कंपन्यांचे स्वतःचे डिझायनर आहेत, संगणकावर गाभ्याची जाडी ठरवतात, यंत्रावर बोर्ड वाकवून तपासतात. आकडा त्यांच्याकडे आहे! तो आपल्याला द्यायचा नाही, एवढंच. कारण दिला तर लोकांना कळेल की यंदाचा नवा बोर्ड म्हणजे गेल्या वर्षीचाच, फक्त चित्र बदललंय. आणि परीक्षक मागत नाहीत, कारण बोर्ड फुकट आलेला असतो आणि लेखाखालच्या 'इथे विकत घ्या'वर टक्का मिळतो. पैसे घेणं गुन्हा नाही. पैसे घेऊनही फूटपट्टी न काढणं, याला मात्र मला दुसरा सौम्य शब्द सापडत नाही.

मागणी फार नाही. टेकण्याच्या रेषांमधलं अंतर इतकं, वजन दहा किलो, वाक इतके मिलिमीटर. पिळासाठी आणखी एक आकडा. आणि कुठल्या वजनाच्या माणसासाठी, ती पट्टी. बोर्डाच्या शेपटीवर जिथे कवटीचं चित्र छापता तिथे तीन ओळी बसतील. मग खुशाल 'खेळकर' म्हणा, 'लोणी' म्हणा, तूप म्हणा.

पुण्याच्या मित्राचं मनगट आता बरं आहे. त्याला मी गोणीचा प्रयोग फोनवर सांगितला, त्याने दोन खुर्च्या आणि दहा किलोच्या कणकेच्या पिशवीवर तो केला. (आईने पिशवी टांगताना बघून काय विचारलं ते इथे देत नाही.) मग जुन्या वस्तू विकायच्या साइटवर बोर्डाची जाहिरात टाकली. त्यात स्वच्छ लिहिलं : अंतर ११२ सेंमी, वजन १० किलो, वाक ३४ मिमी, पंचावन्न ते सत्तर किलोच्या माणसासाठी योग्य, एकदाच वापरलेला. पहिला फोन दोन दिवसांनी हडपसरहून आला. "काका, याला चाकं बसवता येतील का?"